चारशे ऐंशी किलो निसर्गप्रेम

निसर्गाशी एकरूप व्हायचं असेल तर अर्ज दोन प्रतींत करावा लागतो. सोबत सात जणांची वजनं लिहावी लागतात, आणि कागदांना टाचणी लावलेली चालत नाही, ते दोऱ्याने बांधावे लागतात. हे ज्ञान मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी झालं. तोपर्यंत निसर्ग म्हणजे खिडकी उघडली की जो आत येतो आणि बायको ज्याला फडकं घेऊन बाहेर घालवते तो, एवढीच माझी समजूत होती.

झऱ्यावरच्या घराचं चित्र न पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. एका थोर वास्तुकाराने ते डोंगराच्या पोटात, वाहत्या झऱ्याच्या अगदी वर बांधलं. झाड मधे आलं, तर त्यांनी छताला भोक पाडून झाडाला वाट दिली. खडक मधे आला, तर त्याला दिवाणखान्यात बसवलं. ‘निसर्ग यजमान, माणूस पाहुणा’ हे त्यांचं वचन दगडावर कोरून ठेवलेलं आहे. आमच्या घरी मिस्त्रीने छताला भोक आणि दिवाणखान्यात धोंडा ठेवला असता, तर आम्ही त्याला पोलिसात दिलं असतं. पण थोरांचं सगळंच थोर असतं, आणि आपला मिस्त्री तेवढा चोर.

माझी बायको शाळेत चित्रकला शिकवते. सव्वीस वर्षं ती दरवर्षी आठवीच्या वर्गाला हे घर फळ्यावर काढून दाखवते आहे, तेही पुस्तकातल्या तळहाताएवढ्या चित्रावरून. तिने ते प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. लग्नानंतर लगेच मी ‘पुढच्या वर्षी जाऊ’ असं म्हणालो होतो, आणि तेव्हापासून मी या शब्दाला जागलेलो आहे. दरवर्षी तेच म्हणतो. मग एके दिवशी पेपरात बातमी आली, की झऱ्यावरचं घर महिनाअखेरीस दुरुस्तीसाठी बंद होणार, निदान चार वर्षं तरी. महिनाअखेरीस बायकोही निवृत्त होणार होती. तिने पेपर घडी घालून माझ्या ताटाशेजारी ठेवला.

“आज वर्गात एका मुलीने विचारलं,” ती म्हणाली. “बाई, तुम्ही आत गेला होता का?”

“मग तू काय सांगितलंस?”

“घंटा झाली म्हणून सांगितलं.”

एवढं बोलून ती उठली आणि नळाखाली भांडी घासू लागली. ती भांडीही आवाज न करता घासत होती. एकतीस वर्षांच्या संसारात मी आदळआपट पुष्कळ ऐकली आहे, तिची मला सवय आहे. या शांततेची मात्र नव्हती. मी त्याच दुपारी अर्ज मागवला.

अर्ज चार पानी होता. नाव, वय, वजन, उंची, पायांत काय घालता, शेवाळाची ॲलर्जी आहे का, आणि ‘निसर्गाशी आपले नाते (पन्नास शब्दांत)’. वजनाचं कारण तळटीपेत दिलं होतं. घर लाकडी तुळयांवर झऱ्यावर पुढे झुकलेलं आहे. तुळयांना वाळवी लागली आहे. वाळवी हाही निसर्गच असल्यामुळे तिच्यावर औषध मारायचं की नाही याबद्दल तज्ज्ञांत अकरा वर्षं मतभेद आहेत. सबब एका वेळी आत चारशे ऐंशी किलोंपेक्षा जास्त माणूस सोडता येत नाही. माणसं मात्र सातच हवीत. सहा असली तर मार्गदर्शकाचा वेळ वाया जातो, आठ असली तर पक्षी बुजतात.

म्हणजे मला आणखी पाच माणसं जमवायची होती. माणसं जमवायला आमच्याकडे कष्ट पडत नाहीत, ती घालवायला पडतात. ‘कुठे जायचा विचार आहे’ एवढं मी जिन्यात म्हणालो मात्र, शेजारचा अनुभवी दार उघडून बाहेर आला. याला सगळी इमारत अनुभवी म्हणते, कारण जगात अशी एकही गोष्ट नाही जिचा याला वाईट अनुभव आलेला नाही.

“त्या घराच्या नादी लागू नका,” तो म्हणाला. “माझ्या मावसभावाचा अर्ज तीनदा परत आला. चौथ्यांदा त्याने नाद सोडला.”

“बरं, नाही लागत.”

“तसं नाही. मी बरोबर असलो तर काम होईल. आम्ही दोघं येतो.”

अशा रीतीने तो आणि त्याची बायको मिळून चार झाले. बायकोच्या धाकट्या बहिणीला फोनवर कळलं आणि ती व माझे साडू मिळून सहा झाले. साडू हा स्वभावाने चांगला माणूस आहे, पण आकाराने तो दोन चांगली माणसं आहे.

अर्ज भरताना खरी मौज आली. मी वजनमापे खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. व्यापाऱ्यांचे तराजू, गोदामांचे काटे, पेट्रोल पंपांची मापं, यांच्या तपासणीच्या फायली एकोणतीस वर्षं माझ्या टेबलावरून जाताहेत. छटाकभर खोट दिसली तरी मी शेरा मारतो. आमच्या ऑफिसात एक प्रमाण काटा आहे. त्यावर दर सोमवारी, कुणी यायच्या आत, मी गुपचूप उभा राहतो. त्या सोमवारी त्याने एक्क्याऐंशी दाखवलं होतं.

अर्जावर मी बहात्तर लिहिलं.

आता हे खोटं आहे असं कुणी म्हणेल. माझं वजन एके काळी बहात्तर होतं, आणि ते मी कायमचं सोडून दिलं असं मी कुठेही जाहीर केलेलं नव्हतं. बायकोने स्वयंपाकघरातून “माझं साठ लिहा” असं सांगितलं. मी पेन हातात धरून तिच्याकडे पाहिलं. “साठ,” ती म्हणाली, आणि मी साठ लिहिलं. साडूने अठ्ठ्याहत्तर सांगितलं, ते ऐकून खोलीतली खुर्चीसुद्धा करकरली. मेव्हणीने पंचावन्न, अनुभवीने चौसष्ट आणि त्याच्या बायकोने पन्नास सांगितलं. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. एकमेकांच्या सभ्यतेवर आमचा विश्वास होता.

अर्ज पहिल्यांदा परत आला तो टाचणीमुळे. धातू निसर्गाला बाधक असतो. दुसऱ्यांदा परत आला तो साडूचं निसर्गाशी नातं सदतीसच शब्दांचं भरल्यामुळे. साडू म्हणाला, “साडूभाऊ, याहून जास्त नातं माझं तुमच्या मेव्हणीशीही नाही.” शेवटी तेरा शब्द अनुभवीने उसने दिले. तिसऱ्यांदा अर्ज परत आला तो सातवा माणूस नसल्यामुळे, आणि सोबत एक नवं परिपत्रक आलं, की पाहुण्यांनी मातीच्या रंगाचे सैल कपडे घालावेत, भडक रंगांनी पाखरांच्या मनावर परिणाम होतो.

मातीच्या रंगाचे कपडे आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते. पांढरे कपडे मातीच्या रंगाचे होऊ नयेत म्हणून तर आम्ही जन्मभर साबण आणतो. तेव्हा कोपऱ्यावरच्या शिंप्याला बोलावलं. हा शिंपी अत्यंत मितभाषी माणूस. त्याने माझ्या पोटाभोवती टेप फिरवली, टेबलावरच्या अर्जाकडे पाहिलं, परत टेपेकडे पाहिलं.

“साहेब, बहात्तरचं शिवू का एक्क्याऐंशीचं?”

मी दचकलो. “तुम्हाला कसं कळलं?”

“आमचंही वजनमापच आहे,” तो म्हणाला. “कापड खोटं बोलत नाही. उसवतं.”

असा माणूस बाहेर मोकळा ठेवणं धोक्याचं होतं. मी त्यालाच सातवा म्हणून घेतला. त्याने आपलं वजन छप्पन सांगितलं आणि मी छप्पन लिहिलं. सगळ्यांची बेरीज चारशे पस्तीस झाली. “वर पंचेचाळीस किलो शिल्लक राहतात,” मी बायकोला सांगितलं. “वाटेत पोटभर खायला हरकत नाही.” ती कितीतरी दिवसांनी हसली. महिना संपायला चार दिवस असताना आमची भेट मंजूर झाली. ती शेवटची तुकडी होती.

भाड्याची गाडी करून आम्ही निघालो. सातही जण एकाच ठाणातल्या मातकट कापडात होतो. वाटेत एका चहाच्या दुकानात मालकाने फार आदराने विचारलं, की आपण कुठल्या आश्रमाचे. अनुभवीने डोळे मिटून हात वर केला. चहाचे पैसे घेतले गेले नाहीत.

डोंगराच्या पायथ्याशी गाडी सोडून वीस मिनिटांचा चढ होता. वर पोचलो तेव्हा पहिलं दर्शन झालं ते निसर्गाशी एकरूप असलेल्या घराचं नव्हे, तर त्याच्या कार्यालयाचं. चौकोनी सिमेंटची खोली, वर पत्रा, आत गारेगार हवेचं यंत्र. तिथे काम करणाऱ्या लोकांना ओल सोसत नसावी. दाराशी सेंद्रिय खताच्या दहा दहा किलोंच्या पिशव्या विक्रीला ठेवल्या होत्या. पाठीमागे झाडीतून पाण्याचा आवाज येत होता आणि घराचा एक कोपरा दिसत होता, नुसता एक कोपरा. बायको तिथेच थांबली. मग तिने नाकावर चष्मा नीट बसवला आणि सगळ्यांच्या आधी बूट काढून ठेवले.

भेट-अधिकारी बाई बाहेर आल्या. त्या कुजबुजत बोलत होत्या. फाटकाच्या आत मोठ्याने बोलायला बंदी होती, कारण पक्ष्यांचा अंडी घालायचा मोसम होता. त्यानंतर जे काही घडलं, ते सगळं कुजबुजत घडलं, हे वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावं.

“आता वजन,” बाई कुजबुजल्या.

“अर्जात लिहिलंय की,” मी कुजबुजलो.

“ते आपलं मत झालं.”

फाटकाजवळ काटा होता. गोदामात पोती तोलतात तसला, खाली लोखंडी पाट आणि वर गोल तबकडी. तबकडीवर ‘निसर्गाचा आदर राखा’ असं हिरवं स्टिकर डकवलेलं होतं, त्यात सुरुवातीचे आकडे झाकले गेले होते. शेजारी पहारेकरी वही घेऊन उभा होता. तो आकडा वाचायचा आणि हळू आवाजात पुकारायचा. हळू पुकारलेला आकडा फार लांब जातो.

“चौऱ्याण्णव,” तो साडूला म्हणाला.

मेव्हणीने नवऱ्याकडे पाहिलं. “अठ्ठ्याहत्तर ना हो?”

“कपडे सैल आहेत,” साडू म्हणाला.

मेव्हणी स्वतः अडुसष्ट भरली, तेव्हा कपड्यांचं कारण तिलाही पटलं. अनुभवी एकाहत्तर भरला आणि काट्यांचा आपल्याला कसा वाईट अनुभव आहे ते सांगू लागला. त्याची बायको एकोणसाठ भरली. माझी बायको त्र्याहत्तर भरली; ती काट्यावरून खाली उतरली आणि डोंगराकडे पाहू लागली. मी छाती पुढे काढून उभा राहिलो. छाती पुढे काढल्याने वजन कमी होत नाही हे माझ्या खात्यातल्या माणसाला ठाऊक असायला हवं.

“शहाऐंशी.”

शहाऐंशी? सोमवारी मी एक्क्याऐंशी होतो, आणि ते प्रमाण काट्यावर. चार दिवसांत पाच किलो वाढायला मी काही भोपळा नव्हे. तेवढ्यात शिंपी चढला. एकसष्ट. “छप्पन,” तो शांतपणे म्हणाला. “परवाच केलंय.” सगळे त्याच्याकडे पाहून दयाळूपणे हसले. आमच्यात एकच माणूस खरं बोलला होता आणि तोच खोटा ठरला.

“एकूण पाचशे बारा,” बाई कुजबुजल्या. “बत्तीस किलो जास्त. एकजण बाहेर राहील. सहा झाल्यावर मार्गदर्शकाचा वेळ वाया जातो, तो आम्ही सोसू.”

“काटा चुकीचा आहे,” मी म्हणालो.

“कशावरून?”

कशावरून ते मला पक्कं माहीत होतं. पण ते सांगायचं, म्हणजे मी एक्क्याऐंशी असताना बहात्तर लिहिलं, हे वजनमापे खात्याच्या वरिष्ठ लिपिकाने सहा माणसं, एक अधिकारी आणि एक पहारेकरी यांच्यासमोर कबूल करायचं. माणसाला अब्रू असते. ती वाचवायला मी कायद्याचा आधार घेतला. मी काट्याच्या मागे वाकलो आणि पडताळणीचा शिक्का शोधला. तो होता. मुदत संपून चौदा महिने झाले होते.

“हा काटा बेकायदेशीर आहे,” मी सरळ होत म्हणालो. कुजबुजतच म्हणालो, पण एकोणतीस वर्षांची नोकरी त्यात ओतली. “मुदतबाह्य. यावर तोललेलं कोणतंही वजन कायद्याने ग्राह्य नाही. मी त्याच खात्यात आहे.”

“वा!” अनुभवी पुटपुटला. साडूने माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या बाबतीत असे क्षण फार येत नाहीत. मी तो पुरवून पुरवून उपभोगला.

बाईंनी शांतपणे वही मिटली. “मग काटा वापरता येणार नाही?”

“अजिबात नाही.”

“ठीक आहे. वजन केल्याशिवाय कुणालाही आत सोडता येत नाही. आजची भेट रद्द. चार वर्षांनी नव्याने अर्ज करावा.”

पाण्याचा आवाज एकदम मोठा वाटू लागला. साडूने पाठीवरचा हात काढून घेतला. “कायदा कशाला शिकवायला गेलात?” अनुभवी म्हणाला. “मला याचा अनुभव होता, मी बोललो नाही.” मेव्हणी म्हणाली, “भाऊजी, तुम्हाला एक दिवस ऑफिस घरी ठेवता येत नाही का?” त्या सगळ्यांना मी उत्तर देऊ शकलो असतो. पण बायको तोवर वळली होती. ती बाकावर जाऊन बसली आणि बूट घालू लागली. एका बुटाची नाडी बांधून झाली होती. दुसरी ती हळूहळू बांधत होती, वर्ग सुटल्यावर खडू पेटीत भरावेत तशी.

“चला,” ती म्हणाली. “उशीर होईल.”

मला स्वतःची अतोनात लाज वाटली. एकतीस वर्षं मी तिला पुढच्या वर्षावर ठेवलं होतं, आणि आज तिला दारापर्यंत आणून कायद्याचं कलम सांगत होतो. तेही का, तर पोटाचा घेर लपवायला.

“बाई,” मी अधिकारी बाईंना म्हणालो, “माझ्याकडून चूक झाली. काटा बरोबर आहे.”

“आत्ता तर बेकायदेशीर म्हणालात.”

“शिक्का जुना आहे. काटा बरोबर आहे.”

“तसं लिहून द्या. पदनामासकट. आक्षेप तुम्हीच घेतलाय.”

पहारेकऱ्याने वही पुढे केली. मी लिहिलं: ‘सदर काटा मी स्वतः पाहिला असून तो अचूक असल्याची माझी खात्री आहे.’ खाली सही केली, त्याखाली पदनाम लिहिलं. लोकांना यात काही वाटणार नाही. पण एकोणतीस वर्षांत न तपासलेल्या काट्याखाली मी कधी सही केलेली नव्हती. एका बड्या गोदामवाल्याने एकदा सही मिळेना म्हणून माझी बदली करवली होती. बदलीच्या गावी मी दोन वर्षं उकाड्यात काढली, पण सही दिली नाही. ती सही मी तिथे, मातकट पायजम्यात, एका मिनिटात दिली. पेन चांगलं चाललं.

मग बाहेर कोण राहणार याची चर्चा सुरू झाली. साडू सर्वांत जड, तेव्हा न्यायाने तो. पण साडूचं म्हणणं, की गाडी त्याने ठरवली होती. अनुभवीचं म्हणणं, की तो नसता तर अर्जच मंजूर झाला नसता. मेव्हणी म्हणाली, ताई जिथे मी तिथे. अनुभवीच्या बायकोने नवऱ्याला बाहेर ठेवायला हरकत नाही असं सुचवलं आणि ते दोघं बाजूला जाऊन कुजबुजत भांडू लागले. शिंपी म्हणाला, “मी राहतो साहेब.” पण छप्पन किलोंच्या खऱ्या माणसाला बाहेर ठेवायला मला तोंड नव्हतं.

“मी थांबतो,” मी म्हणालो. कुणीही ‘छे छे, असं कसं’ म्हणालं नाही. निदान एकदा तरी म्हणायची पद्धत आहे.

बायकोने पुन्हा बूट काढले. फाटकात तिने मागे वळून पाहिलं. “आणि तुम्ही?”

“मी पुढच्या वर्षी,” मी म्हणालो.

ती आत गेली.

मी, पहारेकरी आणि काटा असे तिघं मागे राहिलो. बाकावर बसून मी निसर्गाशी एकरूप व्हायचा प्रयत्न केला. निसर्गातर्फे काही मुंग्या आल्या. माझं लक्ष पुन्हा पुन्हा काट्याकडे जात होतं. सवय वाईट असते. शेवटी मी उठलो, दारातली खताची एक सीलबंद पिशवी ओढत आणली आणि पाटावर ठेवली. पिशवीवर छापलं होतं, निव्वळ वजन दहा किलो. काट्याने पंधरा दाखवलं.

“पाच तो नुसता रिकामाही दाखवतो,” पहारेकरी म्हणाला. “सुई शून्यावर येतच नाही. लोक हुज्जत घालायचे, म्हणून मी तिथे स्टिकर लावलं.”

“कधी?”

“झाली असतील दोन-तीन वर्षं. तेव्हापासून तक्रार नाही.”

मी मनातल्या मनात गणित केलं. माणशी पाच, सात जणांचे पस्तीस. पाचशे बारातून पस्तीस वजा केले, तर चारशे सत्त्याहत्तर. आम्ही सातही जण आत जाऊ शकलो असतो. मी वळून आतल्या वाटेकडे पाहिलं. हाक मारायला ते काही फार लांब गेले नव्हते. बाई याच वाटेने परत येत असतील, त्यांना पिशवी दाखवता आली असती. स्टिकर तर एका कोपऱ्यावर सुटलेलंच होतं, नखाने ओढलं असतं तर सबंध निघालं असतं. पण मग बाईंनी वही उघडली असती, काटा खोटा ठरला असता, आणि आतली माणसं बाहेर बोलावली गेली असती. आतमध्ये बायको होती.

मी पिशवी जागेवर ठेवली. मग अंगठ्याने स्टिकरचा सुटलेला कोपरा नीट दाबून बसवला.

“तुम्ही वजनमापेवाले ना?” पहारेकऱ्याने विचारलं.

“हो.”

“चांगलं असतं का काम?”

“आजपर्यंत होतं,” मी म्हणालो.

वीस मिनिटांची भेट तासाने संपली. आधी साडू आला. “ओल आहे हो नुसती,” तो म्हणाला. “दिवाणखान्यात पाच बादल्या लावल्यात. तुम्ही सुटलात.” अनुभवीला ओलीचा पूर्वीही वाईट अनुभव होता. मेव्हणीला खडक आवडला, पण त्यावर नीट बसता येत नव्हतं. शिंप्याने पडद्यांची शिवण चांगली असल्याचं सांगितलं. सर्वांत शेवटी बायको आली. तिच्या पायजम्याच्या कडा भिजल्या होत्या आणि चष्मा हातात होता.

उतरताना ती चौघं आणि शिंपी पुढे निघून गेले. आम्ही दोघं मागे राहिलो. अर्ध्या वाटेवर ती बोलली.

“स्वयंपाकघर केवढंसं आहे माहिताय? खिडकी एकच, तीही खडकाच्या तोंडावर. सगळं घर झऱ्याकडे बघतं आणि रांधणारी बाई दगडाकडे. थोर माणूस होता, पण भांडी कधी घासली नसावीत.”

“म्हणजे नाही आवडलं?”

“सज्जात उभी होते,” ती म्हणाली. “अनवाणी. पाण्याचा आवाज कानात नाही येत हो तिथे, तळपायातून वर येतो. सव्वीस वर्षं मी ते काढतेय, आणि हे कुठल्याच चित्रात नव्हतं. मी जागची हललेच नाही. बाई दोनदा बोलवायला आल्या.” तिचा आवाज ओलसर झाला, मग तिने तो शिक्षिकेसारखा कोरडा केला. “एक विचारू? तो काटा खरंच अचूक होता?”

“नाही. पाच किलो जास्त दाखवत होता. प्रत्येकाला.”

तिने चालता चालता बोटांवर हिशेब केला. ती चित्रकलेची शिक्षिका आहे, तिला वेळ लागला.

“म्हणजे तुम्हीही आत मावत होता.”

“तीन किलो वर उरत होते.”

“आणि तुम्ही अचूक आहे म्हणून सही केलीत? तुम्ही?”

“तू बूट घालत होतीस,” मी म्हणालो.

ती थांबली. वाट तिथे उतरती आणि निसरडी होती. माणसं खाली वळणाआड गेली होती, साडूचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

“पाच कमी केले तर माझं अडुसष्ट झालं,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि मी साठ लिहायला लावलं.”

“हो.”

“आणि तुम्ही लिहिलंत.”

“हो.”

मग तिने माझा दंड धरला. पाय घसरेल म्हणून, असं म्हणाली. लग्नात फोटोवाल्याने सांगितलं होतं तेव्हा धरला होता, पण तेव्हा नुसती बोटं टेकवली होती. या वेळी तिने सगळा भार माझ्यावर टाकला आणि तळापर्यंत तसाच ठेवला. पूर्ण अडुसष्ट किलो होते, आणि त्याखाली मी केव्हाही सही करीन.